कात्री न लावता

रेश्माच्या बाकावर कुणीतरी नारळ ठेवला होता.

नारळाला कुंकू लावलेलं होतं. शेजारी उदबत्त्यांचा पुडा होता, उदबत्ती पेटवलेली नव्हती इतकंच. रेश्मा मान खाली घालून बसली होती आणि रोज तिच्या खांद्याला खांदा लावून बसणारी नंदा तिसऱ्याच बाकावर जाऊन बसली होती.

"हे कुणी ठेवलं?" मी विचारलं.

सातवीचा वर्ग एकमेकांकडं बघायला लागला. मग मागून मारुती उठला. "म्या ठेवला बाई."

"का रे?"

"रेश्माला जट आलीया. देवी आलीया तिच्यात. उद्या गणिताची चाचणी हाय न्हवं."

एरवी असल्या उत्तरावर वर्ग खिदळला असता. त्या दिवशी एकही पोर हसलं नाही. त्या शांततेची मला भीती वाटली.

"नारळ घरी घेऊन जा," मी मारुतीला म्हटलं. "आणि अपूर्णांकांचे गुणाकार करून ये. देवीला अपूर्णांक येत असतील, पण चाचणी ती देणार नाही."

मारुतीनं नारळ दप्तरात घातला.

आमचं गाव गडहिंग्लजच्या पुढं, अगदी कर्नाटकाच्या कडेला. गावात निम्मी माणसं मराठीत भांडायची आणि कानडीत समेट करायची. यल्लम्माचा डोंगर तिथून लांब, पण घरोघरच्या देव्हाऱ्यात तो होताच. एखाद्या बाईच्या केसांत गुंता होऊन त्याचा दोरखंड झाला, की त्याला जट म्हणायचे. ते देवीचं बोलावणं. त्याला कात्री लावायची नाही, कंगवा लावायचा नाही, हळदकुंकू लावायचं. आणि ती जट एखाद्या पोरीला आली, तर पोरगी देवीची. तिला देवीला सोडायची. मग तिचं लग्न नाही, संसार नाही, हातात परडी घेऊन जोगवा मागत फिरायचं. कायद्यानं ते कधीच बंद केलं होतं. पण कायदा तालुक्याला राहायचा, आणि जट माणसाच्या डोक्यावर.

रेश्माच्या घरात तर याचा जिवंत पुरावाच होता. तिच्या बापाची, तानाजीची आत्या, कल्लव्वा. सारं गाव तिला आत्तीच म्हणायचं. लहानपणीच तिला देवीला सोडलेलं. कमरेपर्यंत आलेली जट डोक्यावर चुंबळीसारखी गुंडाळलेली, कपाळ भरून भंडारा, मंगळवार-शुक्रवारी काखेत परडी. बोलायची कमी. पण देवाधर्माच्या गोष्टीत त्या घरात तिचा शब्द शेवटचा असायचा.

शाळा सुटल्यावर मी रेश्माला थांबवून घेतलं. तिनं स्कार्फ सोडला. मानेपासून खाली केसांचा एक घट्ट, ताठ पट्टा झाला होता, पोत्याला शिवलेल्या ठिगळासारखा. त्यावर हळदीचं पूट. मी हात लावला तशी ती दचकली. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. नखानं काढून बघितलं, तर पिवळा कण. ती हळद नव्हती. मी वास घेतला.

"रेश्मा, हे अंडं आहे का गं?"

तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

मी घाई केली नाही. पोर रडत असताना प्रश्न विचारू नये. रडणं संपलं की ते आपणहून बोलतं. तिला पाणी दिलं, फळा पुसायला सांगितला. फळा पुसता पुसता, माझ्याकडं पाठ करून, ती बोलायला लागली.

"गॅदरिंगच्या नाचात केस मोकळं सोडायचं हुतं न्हवं बाई. नंदा म्हणाली, नाव रेश्मा आन् केस काथ्या. तुला मागच्या रांगेत उभं करतील म्हणाली. मग पाटलांच्या टीव्हीवर एक बाई सांगत हुती, खराब केसांना घरीच उपाय करा. अंडं आन् दही लावायचं, वाळू द्यायचं, मग धुवायचं."

"मग?"

"कसल्या पाण्यानं धुवायचं ते तिनं सांगितलं न्हाई." ती वळली. "थंडी लई हुती बाई. म्या चुलीवरचं पाणी घेतलं. डोस्क्यावरच पोळी झाली."

मला हसू आलं होतं. पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"निघंना म्हणून कपड्याचा साबण लावला. कापडं चोळत्यात तसं चोळलं. तर सगळं गोळाच झालं. मग स्कार्फ बांधला. नाचालाबी गेले न्हाई, ताप आलाय म्हणून सांगितलं. रोज वाटायचं, आज सुटंल. एक दिवस आत्तीनं उवा बघायला स्कार्फ काढला."

"मग तू तिला का नाही सांगितलंस?"

"अंडी चोरली हुती म्या. तिच्याच कोंबडीची." ती थोडं थांबली. "आन् आत्तीनं बघितलं आन् हात जोडलं. बाई, आत्ती कुणाफुडं हात जोडत न्हाई. माझ्या बापूनं पाय धरलं तरी ती नुसती बघती. ती माझ्याफुडं हात जोडून हुबी राहिली. मग मला सांगायला आलंच न्हाई."

तेरा वर्षांची पोर होती ती. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला तिला डोंगरावर नेलं, तर आठवीचं हायस्कूल, पलीकडच्या गावाला जाणारी एसटी, सगळं तिथंच संपणार होतं. आणि हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.

"बाई, म्या खोटं वागले म्हणून देवी चिडंल का?"

"देवीला अंड्याचा वास येत असेल की नाही?" मी म्हटलं. "मग तिला सगळं ठाऊक आहे. तू काळजी करू नकोस."

रविवारी मी तिच्या घरी गेले.

आत्ती सोप्यात बसून वाती वळत होती. रेश्माची आई, शालन, चहा ठेवायला आत गेली. दोन धाकट्या मुली दाराआडून डोकावत होत्या. तानाजी माझ्यासमोर पोत्यावर बसला. त्याच्याशी फार वाद घालावा लागेल असं वाटलं होतं. पण मी "जट सोडवता येईल" म्हणाले, तर तोच पुढं सरकला.

"सुटंल बाई? खरंच सुटंल?"

"सुटेल. वेळ लागेल, पण सुटेल."

"सोडवाच की मग! सगळं सामान मी आणतो. काय काय लागतंय तेवढं सांगा."

मला बरं वाटलं. बाप शहाणा निघाला म्हणायचा.

"तान्या," आत्ती वातीवरची नजर न काढता म्हणाली, "देवीच्या केसाला कात्री लावणार व्हय रं तू?"

तानाजी मागं सरकला.

"कात्री नाही आत्ती," मी म्हटलं. "एक केसही कापायचा नाही. तेल, कंडिशनर आणि फणी. केस नुसता मोकळा करायचा."

"आन् म्या नको म्हटलं तर?"

"तर गडहिंग्लजला जट काढणारी मंडळी आहेत. त्यांना बोलवावं लागेल. ते कात्री घेऊन येतात."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे अतिशय स्वच्छ होते. ती बराच वेळ पाहत राहिली. वर्गात एखादं हुशार पोर उत्तर ठाऊक असूनही हात वर करत नाही, तेव्हा ते जसं पाहतं, तशी. त्या वेळी मात्र मला तो हट्ट वाटला.

"तुमी सोडवा," ती म्हणाली. "यल्लम्मा आईच्या मनात असंल तर सुटंल. पर माझ्याच दारात, माझ्याच डोळ्यांफुडं. आन् सावकाश. वढाताण केलेली मला चालायची न्हाई."

"आणि शाळा?"

"शाळंला जाईल की. आई शाळंला कुटं नको म्हणतीया?"

यावर तानाजी काहीतरी पुटपुटला. आत्तीनं वात एवढी जोरात पिळली की ती तुटली, आणि तो गप्प झाला.

तालुक्याच्या गावी एका ब्यूटी पार्लरमध्ये मी चौकशी करून आले. तिथल्या बाईनं मला नीट समजावलं. कोरड्या गाठीला हात लावायचा नाही. ओला केस ओढायचा नाही. आधी कंडिशनर भरपूर थापून मुरू द्यायचं, मग टोकाकडून सुरुवात करून वर यायचं. मुळाकडून खाली कधीच नाही, त्यानं गाठ घट्ट होते. फणी शिरत नसेल तिथं क्रोशाची सुई. आणि जेवढं सुटेल तेवढ्याची लगेच वेणी घालायची.

शाळा सुटली की मी त्यांच्या सोप्यात जायची. रेश्मा पायरीवर, मी तिच्या मागं पाटावर, आणि आत्ती समोर खांबाला टेकून. तानाजी सायकलवरून कंडिशनरच्या पुड्यांची माळच्या माळ घेऊन आला होता. शालन खोबरेल तेल कोमट करून आणून द्यायची आणि न बोलता परत जायची. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही.

हात चालत असताना तोंड रिकामं का ठेवायचं? मी शिकवायला लागले. पाढे, नद्या, इंग्रजीचे शब्द. एक बट मोकळी झाली की एक उदाहरण. धाकट्या दोघी हळूहळू दाराआडून बाहेर आल्या. मधली सखू फणी धुवून द्यायची. सगळ्यांत धाकटी दीपा नुसती कंडिशनरचा वास घ्यायला यायची, आणि तेवढ्यात तीसुद्धा दोनचा पाढा शिकली.

"बाई, ह्यो अपूर्णांक काय सुटंना," रेश्मा म्हणायची.

"टोकाकडून धर. आधी छेद बघ."

आत्ती ऐकत असायची. एकदा ती एकदम म्हणाली, "दोनाचं तीन वाटं केलं तर एकेकाला किती?"

मी चकित होऊन सांगितलं, "दोन तृतीयांश."

"म्हंजी पुरं एक न्हाई."

"नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि पुन्हा खांबाला टेकली.

पहिल्या आठवड्यात बोटभर गुंता सुटला. मी हरखले. पण पुढच्या सोमवारी गेले, तर तोच गुंता परत घट्ट. आधीच्यापेक्षाही ताठ. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. वेणी सैल घातली असेल. रेश्मा झोपेत डोकं घासत असेल. मी पुन्हा टोकापासून सुरुवात केली. गुरुवारपर्यंत बरंच सुटलं, शनिवारी पुन्हा तेच. मग मी तिच्या डोक्याला जुनं रेशमी फडकं बांधून दिलं. तरी तेच.

"आईच्या मनात न्हाई," शेजारच्या बायका दारातून म्हणायच्या. "बाई, कशाला हात पोळून घेताय?"

गावात आता जटेचा बोलबाला आणखीच वाढला. दिवसा माणूस सोडवतंय आणि देवी परत बांधतीया, अशी कथा शेजारच्या वाडीपर्यंत गेली. माझ्या हटवादीपणानं मी देवीची ताकदच सिद्ध करत चालले होते. तानाजी तर रोज विचारायचा, "आज किती सुटलं?" आणि कमी सुटलं म्हटलं की त्याचा चेहरा काळवंडायचा. मी "असं कसं होतंय गं?" म्हटलं की रेश्मा पुस्तकात डोकं घालायची.

होळी होऊन गेली. एक दिवस शाळेत पाण्याची टाकी फुटली आणि पोरांना दुपारीच घरी सोडलं. मी म्हटलं, आज लवकर बसू, जास्त वेळ मिळेल. त्यांच्या घरी गेले तर सोप्यात कुणी नव्हतं. मागच्या परसातून आवाज येत होता. रेश्मा सतराचा पाढा म्हणत होती.

मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले.

पेरूच्या झाडाखाली रेश्मा मांडी घालून बसली होती. तिच्या मागं आत्ती. शेजारी वाटीत डिंकाचं पाणी. मी काल मोकळी केलेली बट आत्तीनं डिंकात बुडवली, दोन्ही तळव्यांमध्ये धरली आणि वाती वळतात तशी वळायला लागली. सराईत हातानं. मग ती बट तिनं उरलेल्या जटेत गुंतवली आणि वर हळद दाबली.

"सतरा सक?" आत्ती म्हणाली.

"एकशे दोन."

मी तरातरा पुढं गेले. म्हटलं, "आत्ती, देवीचं काम तुम्ही करता होय?"

रेश्मा उडालीच. आत्ती उडाली नाही. तिनं हात पदराला पुसले.

"बसा बाई. उन्हात हुब्या राहू नका."

"एका पोरीचं आयुष्य आहे हे!" माझा आवाज चढला. "तुमचं झालं तसं तिचंही करायचं आहे का तुम्हाला? ही जट देवीची नाही. ही कशानं झाली ते मला ठाऊक आहे."

"अंड्यानं झाली," आत्ती म्हणाली.

रेश्मानं तोंडावर हात घेतला.

"माझ्या खुडूक कोंबडीखालची अंडी गेली, ती मला कळत न्हाईत व्हय? पोरीच्या डोस्क्याला अंड्याचा वास, आन् चुलीम्होरं कवच्या. म्या काय आंधळी हाय?" ती रेश्माकडं वळली. "जा गं, बाईंस्नी पाणी आण."

रेश्मा आत गेली. आत्तीनं आवाज खाली आणला.

"शालनचा धाकटा भाऊ हाय, सत्ताप्पा. ट्रकवर असतो. तान्यानं त्याला पोरगी दिलीया. मामाला भाची द्यायची, आमच्यात चालतंय ते. अक्षय तृतीयेला अक्षता टाकायचं ठरलं हुतं. ज्या दिवशी ठरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी म्या हिचा स्कार्फ काढला."

मी खाली बसले.

"देवीची पोरगी कोण करून घेणार? जट असली की अक्षता न्हाईत. सत्ताप्पाची आई जट बघून गेली, तिनं पाय धरलं हिचं, आन् जेवायलाबी थांबली न्हाई." आत्तीच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि गेलं. "तान्याला म्हणूनच घाई. जट सुटली की लगीन. तुमच्या पुड्या कोण आणतंय, बघितलं न्हाई का तुमी?"

मला सायकलच्या हँडलला लटकणारी ती माळ दिसली.

"मी बोलते तानाजीशी," मी म्हटलं. "तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न गुन्हा आहे. पोलीस आहेत..."

"पोलीस एक दिवस येतील बाई. म्या रोज घरात हाय." तिनं आतल्या दाराकडं हनुवटी केली. चुलीपाशी शालन पाठमोरी बसली होती. "ही तेराव्या वर्साची आली ह्या घरात. पयलं लेकरू पोटातच गेलं, आन् हिचं बोलणं त्याच्यासंगं गेलं. माझ्या मांडीवर डोस्कं हुतं तिचं तवा. म्या काय करू शकले न्हाई. आता करतीया."

"पण देवीला सोडायची म्हणाले तर सगळे?"

"कवा सोडायची ते कोण सांगणार? म्याच की. आई माझ्या तोंडानं बोलती ह्या घरात. म्या म्हणणार, अजून आईचं बोलावणं न्हाई. मला सोडली तवा मला कुणी इच्यारलं न्हवतं बाई. तापात केस गुंतलं हुतं माझं. नुसतं तापात." तिनं डोक्यावरच्या चुंबळीला हात लावला. "त्या डोंगराची वाट मला ठाव हाय. ह्या पोरीला म्या तिकडं नेईन व्हय?"

रेश्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"तुला हे ठाऊक होतं?"

"आत्तीनं शपथ घातली हुती," ती म्हणाली. "बाई, तुमी रागावू नका. तुमी रोज येता म्हणून बापू थांबलाय. सुटंल, सुटंल म्हणून वाट बघतोय."

मी पाणी प्यायले. मी शिक्षिका होते. देवी केस बांधत नाही, हे पोरांना सांगणं माझं काम होतं. आणि त्याच वर्गातली एक मुलगी मला तांब्या धरून विचारत होती की तिचे केस बांधलेले राहू द्याल का.

"आत्ती," मी म्हटलं, "डिंक कमी घाला. केस तुटतात त्यानं. त्यापेक्षा भाताची पेज बरी. वळतेही, आणि धुतली की निघते."

आत्तीनं वाटी उचलली आणि डिंकाचं पाणी पेरूच्या बुंध्यात ओतलं.

त्यानंतर मी रोजच्यासारखी जात राहिले. मी सोडवायची, आणि आत्ती बांधायची. आमच्यात त्यावर पुन्हा शब्द झाला नाही. तानाजी विचारायचा, "आज किती?" मी म्हणायची, "बोटभर. घाई करून चालत नाही तानाजी, केस आहेत." आणि शिकवत राहायची. सातवीची परीक्षा झाली, तेव्हा रेश्माचे केस होते तसेच होते आणि गणित पक्कं झालं होतं. चैत्री पौर्णिमा आली. आत्तीनं देव्हाऱ्यापुढं बसून सगळ्यांदेखत सांगितलं, "आई म्हणती, अजून वेळ हाय." तानाजीनं मान खाली घातली.

सत्ताप्पाकडच्या लोकांनी अक्षय तृतीयेपर्यंतही वाट पाहिली नाही. कागलकडची मुलगी बघितली, मोठी होती, शिकलेली होती, म्हणे. अक्षता पडल्या. तानाजी एकटाच लग्नाला जाऊन आला. आल्यावर दोन दिवस तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिला.

तिसऱ्या दिवशी सखू माझ्या दारात आली. "बाई, आत्तीनं सांगितलंय. आता सोडवा."

मी सकाळीच गेले. उन्हं सोप्यात यायच्या आत आम्ही बसलो. आधी पेज धुतली, मग कंडिशनर थापलं, मग टोकापासून. आत्ती आज खांबाला टेकली नव्हती. ती माझ्या शेजारी बसली होती आणि दुसऱ्या बाजूनं सुई चालवत होती. तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी होती. गाठ कुठून बांधली आहे ते तिलाच ठाऊक होतं ना! शालन चुलीपासून उठून आली आणि उंबऱ्यावर बसली. तिथून उठलीच नाही.

खूप केस गेले. जळलेले, अंड्यानं चिकटलेले, मधूनच तुटलेले. आत्तीनं पडलेला प्रत्येक केस उचलून पदरात घेतला. राहिलेले केस पातळ होते, कोरडे होते, पण मोकळे होते. शेवटची गाठ मानेजवळ, अगदी मुळाशी होती. माझे हात दुखून आले होते. मी सुई आत्तीपुढं केली. तिनं ती बाजूला ठेवली, गाठीला बोट तेलात बुडवून लावलं आणि नखानं सोडवली.

रेश्मानं मान हलवली. दोन्ही बाजूंना. पुन्हा पुन्हा हलवत राहिली. दीपा टाळ्या वाजवायला लागली.

"आईनं सोडलं," आत्ती मोठ्यानं म्हणाली. दारातल्या बायकांना ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. "कात्री न लावता सुटलं. आईची इच्छा, पोरगीनं शिकावं. आता हिच्या वाटंत कुणी येऊ नये."

बायकांनी हात जोडले. तानाजीनंही जोडले.

गर्दी पांगल्यावर मी फणी धूत होते. पुड्या उरल्या होत्या. आत्तीची जट खांद्यावर उतरली होती. इतक्या वर्षांची, जड, मान एका बाजूला ओढणारी. मी म्हटलं, "आत्ती, तुमची सगळी नाही सुटायची. पण थोडी हलकी करता येईल. बसता का?"

तिनं जट उचलली आणि डोक्यावर नीट गुंडाळली. त्यात तिला वेळ लागला.

"मान लई दुखती बाई," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पर ही हाय म्हणून तान्या माझं ऐकतो. ही गेली की म्या नुसती म्हातारी." सखू आणि दीपा रिकाम्या पुड्या फुगवून फोडत होत्या. ती त्यांच्याकडं बघत राहिली. "अजून दोघी हायत घरात."

रेश्मा त्या जूनमध्ये एसटीनं हायस्कूलला जायला लागली. सखूच्या वेळी काही करावं लागलं नाही. तिच्या पाठी रेश्माच उभी राहिली. पुढं रेश्मा नर्सिंग शिकायला बाहेरगावी गेली आणि घर पुन्हा तानाजीच्या ताब्यात आलं. आत्तीची जट मात्र अजून डोक्यावर होती.

माझी निवृत्ती जवळ आली होती. दीपा सातवीत होती. एका सकाळी ती वर्गात आली, तेव्हा तिच्या डोक्याला घट्ट स्कार्फ होता. मानेवर हळदीचा डाग. तिच्या बाकाजवळून जाताना मला ओळखीचा वास आला. भाताच्या पेजेचा.

मी थांबले. तिनं वर पाहिलं. आत्तीसारखेच स्वच्छ डोळे.

"पुढच्या बाकावर ये," मी म्हटलं. "अपूर्णांक काढ."

संध्याकाळी शाळेवरून परतताना मी दुकानाशी थांबले. कंडिशनरच्या पुड्या मागितल्या. दुकानदारानं माळ खाली काढली आणि माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं.

"एवढ्या कशाला बाई? किती दिवस पुरवायच्या?"

"अक्षय तृतीयेपर्यंत," मी म्हटलं.